टक्केवारी, कार्ड आणि पेन्शन : दिव्यांग योजनांतील बदलांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दीड-दोन वर्षांत दिव्यांग प्रमाणपत्राचे नियम बदलले, ओळखपत्राच्या रंगांना नियमांत जागा मिळाली, राज्याच्या अनुदानाची रक्कम वाढली आणि ती थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. हे बदल शासन निर्णयात वाचायला सोपे वाटतात, पण तालुक्याच्या गावाला दोन-तीन हेलपाटे घातल्यावर त्यांचा खरा अर्थ कळतो. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ तालुक्याचा किंवा शहराचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी औसा तालुक्यात शिवणकाम करतो. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझा डावा पाय कमजोर आहे. २००४ साली मिळालेल्या हस्तलिखित प्रमाणपत्रावर ५५ टक्के अपंगत्व लिहिलेले आहे. आता तहसीलमध्ये ‘यूडीआयडी (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) आणा’ असे सांगितले. ऑनलाइन अर्ज करून रुग्णालयातल्या वैद्यकीय बोर्डासमोर गेलो, तर ३८ टक्के लागले आणि पांढरे कार्ड हातात पडले. पाय तोच आहे, मग टक्के कमी कसे झाले? माझे अनुदान आता बंद होईल का?

उत्तर : आपली भीती निराधार नाही, म्हणून आधी मुदतीचे सांगते. प्रमाणपत्राचा निर्णय मान्य नसेल तर त्याविरुद्ध अपील करता येते आणि त्यासाठी निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात. प्रमाणपत्रावरची तारीख आजच पाहा, आणि हे दिवस विचारपूस करण्यात घालवू नका. अपील साध्या कागदावर लिहिले तरी चालते. त्यात जुन्या प्रमाणपत्राची प्रत, नवे प्रमाणपत्र आणि ‘फेरतपासणी करावी’ ही मागणी स्पष्ट शब्दांत असावी, आणि अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासह घ्यावी.

टक्के कमी होण्याची कारणे साधारणपणे दोन असतात. पहिले कारण मोजण्याच्या पद्धतीचे. २००४ साली १९९५ च्या कायद्याखालची मार्गदर्शक तत्त्वे लागू होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये नवी तत्त्वे आली आणि मार्च २०२४ मध्ये त्यांत पुन्हा सुधारणा झाली. पायाचे अपंगत्व मोजताना सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, उभे राहण्याचा आणि चालण्याचा तोल, पायाची कमी झालेली लांबी अशा वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे काढून ते सूत्राने एकत्र केले जातात. दुसरे कारण तपासणीच्या दिवसाचे. बोर्डाच्या दिवशी गर्दी असते, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मिनिटे येतात आणि लांबीतला फरक किंवा तोल मोजायचा राहून गेला तर त्याचा परिणाम थेट आकड्यावर होतो. म्हणून अपिलाच्या वेळी ‘मला त्रास होतो’ एवढेच न सांगता, किती अंतर चालल्यावर थांबावे लागते, मशीनचे पायडल कोणत्या पायाने चालवता, जिना चढताना कठड्याचा आधार लागतो का, हे लिहून न्या आणि पायाची लांबी व स्नायूंची ताकद मोजून नोंदवण्याची विनंती करा.

रंगांचा अर्थही जाणून घ्या. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्वाला पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळे आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर निळे कार्ड मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी किमान ४० टक्के लागतात. एसटीतली ७५ टक्के सवलत आणि नोकरीतले आरक्षण यांनाही हीच चाळीशीची अट आहे. त्यामुळे ३८ आणि ४० यांतले दोन टक्के म्हणजे आपल्या बाबतीत घरखर्चाचा मोठा भाग आहे, आणि अपील करण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

याच नियमांत आणखी दोन बदल आहेत, त्यांची माहिती ज्यांचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांनी ठेवावी. प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी एक महिना होती, ती आता तीन महिने झाली आहे. अर्जावर दोन वर्षांत अंतिम निर्णय झाला नाही तर तो अर्ज निष्क्रिय धरला जातो, आणि पुन्हा अर्ज करावा लागतो किंवा संबंधित प्राधिकाऱ्याकडे जाऊन तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो. माझ्या मते हा दुसरा नियम अर्जदारावर अन्याय करणारा आहे. निर्णय रुग्णालयाने घ्यायचा, विलंब तिथे होणार आणि त्याची किंमत मात्र गावाकडून भाडे खर्चून येणाऱ्याने मोजायची. म्हणून अर्ज क्रमांकाची पावती जपून ठेवा आणि तीन महिने उलटताच जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी स्मरणपत्र द्या.

आपल्या पत्रात एक वाक्य होते, की बोर्डाची खोली पहिल्या मजल्यावर होती. ते वाचून मला माझ्या धाकट्या भावाची आठवण झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याला घेऊन मी एका सरकारी रुग्णालयात गेले होते. लिफ्टच्या दाराला साखळी लावलेली होती. तो पाचव्या पायरीवर बसला, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे चामडी पट्टे सोडले, कॅलिपर माझ्या हातात दिले आणि बसत-बसत, हातांवर भार देत वर गेला. वर पोचल्यावर त्याच्या तळव्यांना धुळीचा काळा थर लागलेला होता, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती हात धुऊन येण्याची. हे आता कायद्यानेही चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात निकाल देताना, सुगम्यतेच्या निकषांना केवळ शिफारशीचे रूप देणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तयार करण्याचे निर्देश केंद्राला दिले. बोर्ड तळमजल्यावर बसवावे, अशी मागणी अपिलासोबत वेगळ्या अर्जाने अवश्य करा. पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही अशी तक्रार करता येते.

प्रश्न : आमचे सगळे घर ऊसतोडीला जाते. गाव वडवणी तालुक्यात. धाकट्या भावाला ८५ टक्के अपंगत्व आहे, तो आजीजवळ राहायचा. मागच्या हंगामात आजीची तब्येत बिघडली म्हणून त्याला सोबत नेले. परत आलो तर पाच महिन्यांची पेन्शन जमा नाही. बँकेत विचारले तर ‘तहसीलला विचारा’, तहसीलला विचारले तर ‘बँकेत विचारा’. आम्ही नेमके कुठे जावे? आणि महिन्याला रक्कम किती यायला हवी?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबणार आहे, कारण बीड जिल्ह्यातल्या शेकडो घरांत हीच अडचण असणार. मुकादमाची उचल घेऊन टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. पेन्शनची पडताळणी मात्र माणूस बारा महिने गावात आहे असे धरूनच आखलेली असते.

प्रथम रक्कम कुठे अडली ते शोधावे लागेल, आणि अडण्याच्या जागा दोनच आहेत. एक तर तहसील कार्यालयाच्या यादीत भावाचे नाव थांबवले गेले असेल, किंवा नाव सुरू असूनही पैसे भलत्याच खात्यात गेले असतील. तहसीलमधील संजय गांधी योजना शाखेत तोंडी न विचारता एका ओळीचा अर्ज द्या : ‘अमुक महिन्यापासून अनुदान मंजूर आहे की स्थगित आहे, आणि मंजूर असल्यास कोणत्या बँकेत जमा झाले, ते कळवावे.’ उत्तर आले नाही तर हाच मजकूर माहिती अधिकाराच्या अर्जात घाला. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

नाव स्थगित असेल तर बहुधा हयातीचा दाखला राहिलेला असतो. तो वर्षातून एकदा द्यावा लागतो. पुढच्या वर्षी टोळी निघण्यापूर्वीच, ती तारीख केव्हा येते हे शाखेत विचारून घ्या, आणि भाऊ बाहेरगावी असताना पडताळणी कशी करून घेता येईल तेही लिहून मागा.

नाव सुरू असेल आणि पैसे तरीही मिळत नसतील, तर दुसऱ्या शक्यतेकडे वळा, कारण माझ्या अनुभवात ती अधिक वेळा खरी ठरली आहे. अनुदान आता थेट लाभ हस्तांतरणाने येते, म्हणजे ते खाते क्रमांकाकडे न जाता आधार क्रमांकाकडे जाते, आणि आधारशी सर्वांत शेवटी ज्या बँकेचे खाते जोडले गेले असेल तिथे जमा होते. गेल्या वर्षी परभणी जिल्ह्यातल्या एका वस्तीवर एका मावशींची पेन्शन सात महिने ‘बंद’ होती. त्यांच्या घरी फळीवर, देवाच्या फोटोमागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत क्यूआर कोड छापलेले एका बँकेचे कार्ड होते. दारात आलेल्या माणसाने वेगळ्याच कामासाठी त्यांचा अंगठा घेऊन एक नवे खाते उघडून दिले होते आणि त्या मात्र जुन्या बँकेच्या पासबुकावर दर महिन्याला नोंद करून घेत होत्या. सातही महिन्यांची रक्कम त्या नव्या खात्यात सुखरूप होती. आपल्या भावाच्या नावेही असे दुसरे खाते उघडले गेले आहे का, ते आठवून पाहा. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची, म्हणजे आधारशी कोणत्या बँकेचे खाते जोडले आहे याची, स्थिती पाहता येते, आणि आपले सरकार सेवा केंद्रात ती कोणीही दाखवील. हवे असलेल्या बँकेत लेखी संमती दिल्यावर जोडणी पुन्हा त्या खात्याकडे वळवता येते.

भावाच्या बोटांचे ठसे उमटत नसतील किंवा त्याला कॅमेऱ्यासमोर स्थिर बसता येत नसेल, तर तेवढ्या कारणावरून त्याला परत पाठवता येणार नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ई-केवायसीची, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीची, प्रक्रिया दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले. ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्या व्यक्तीला ‘डोळे मिचकावा’ असे सांगणारी पडताळणी कशी पूर्ण करता येणार, या साध्या प्रश्नातून ते प्रकरण उभे राहिले होते.

रक्कम किती यायला हवी, हेही आपण विचारले आहे. ८० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातल्या व्यक्तीसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ पासून आहे. तिच्यात केंद्राचा हिस्सा दरमहा ३०० रुपये आहे आणि २०१२ पासून तो एका रुपयानेही वाढलेला नाही. ग्रामीण विकासाच्या संसदीय स्थायी समितीने वाढ करण्याची शिफारस वारंवार केलेली आहे. उरलेली रक्कम राज्य घालते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळणारे १५०० रुपये वाढवून २५०० करण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. ही वाढ स्वागतार्ह आहे, परंतु तिचे श्रेय राज्याच्या तिजोरीला आणि त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या दिव्यांगांना जाते. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या योजनेतले ३०० रुपये आज औषधाच्या एका चिठ्ठीलाही पुरत नाहीत, हे दिल्लीपर्यंत पोचवणे आवश्यक आहे.

प्रश्न : मला ६० टक्के अपंगत्व आहे आणि निराधारचे अनुदान मिळते. आईला लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळतात. मीही त्या योजनेत अर्ज करू शकते का, आणि माझ्या अनुदानामुळे आईचे पैसे बंद होतील का? (जिंतूर)

उत्तर : आपल्याला दोन्ही योजनांचा लाभ घेता येणार नाही. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून दरमहा १५०० रुपये किंवा अधिक रक्कम मिळणारी महिला ‘लाडकी बहीण’साठी अपात्र ठरते. ही अट प्रत्येक महिलेच्या स्वतःच्या लाभाला लागू आहे, त्यामुळे आपल्या अनुदानामुळे आईची रक्कम थांबण्याचे कारण नाही. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा दोन्ही योजनांना वेगवेगळी आहे. दिव्यांगांसाठी निराधार योजनेत ती वर्षाला ५०,००० रुपये आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला काढताना काळजी घ्या.

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची रुग्ण आहे. आश्रमशाळेतल्या तपासणीनंतर तिला एक कार्ड मिळाले. तेच दिव्यांगाचे कार्ड का? बारावीनंतर तिला नर्सिंगला घालायचे आहे. आरक्षण मिळेल का? (किनवट)

उत्तर : ती दोन कार्डे वेगळी आहेत. तपासणीनंतर मिळालेले कार्ड आरोग्य विभागाचे असते आणि ती व्यक्ती रुग्ण आहे की वाहक आहे एवढेच ते सांगते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासी भागांत ही तपासणी मोठ्या प्रमाणावर होत आहे. वाहकाला अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. आपली मुलगी रुग्ण आहे, म्हणून तिच्यासाठी यूडीआयडीचा स्वतंत्र अर्ज करावा लागेल. १९९५ च्या कायद्यात केवळ सात प्रकारचे अपंगत्व होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले, आणि थॅलेसेमिया व हिमोफिलियासोबत सिकलसेल त्यातूनच आत आला.

आरक्षणाच्या बाबतीत बारकाईने वाचावे लागते. उच्च शिक्षणातील ५ टक्के जागा ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या सर्वांसाठी आहेत, त्यामुळे मुलीचे प्रमाणपत्र तेवढ्या टक्क्यांचे असेल तर शासकीय व अनुदानित संस्थेतील प्रवेशासाठी ती त्या जागेचा दावा करू शकते. सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण मात्र कायद्याच्या कलम ३४ मध्ये नमूद केलेल्या गटांपुरतेच आहे, आणि रक्ताच्या आजारांना त्यात स्थान दिलेले नाही. शिकायला जागा आणि शिकून झाल्यावर नोकरीला नाही, ही विसंगती दूर व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

सिकलसेलच्या तपासणीत एक अडचण नेहमी येते. बोर्डाच्या दिवशी मुलगी हसत-बोलत, चालत आत जाते आणि तिच्याकडे पाहून आजाराची कल्पना येत नाही. म्हणून ती कितीदा दाखल झाली, किती वेळा रक्त चढवले, वेदनेमुळे शाळेचे किती दिवस बुडाले, यांची कागदपत्रे तारीखवार लावून न्या. प्रमाणपत्र हातात येईपर्यंतही सिकलसेल रुग्ण म्हणून साध्या एसटी बसमध्ये मोफत प्रवासाची सोय आहे. उपचारासाठी नांदेडला जाताना तिचा उपयोग करून घ्या.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथील निवृत्त शिक्षक आहे. मुलगा तात्पुरत्या व्हिसावर मेलबर्नला नोकरी करतो. सहा वर्षांच्या नातीला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. तिथली दिव्यांगांची राष्ट्रीय योजना फार मोठी आहे असे ऐकले होते, आता तिच्यात कपात होत आहे असे मुलगा सांगतो. नात इथे आली तर तिला काय मिळेल, हे कळावे.

उत्तर : गुरुजी, आपल्या प्रश्नाचा पहिला भाग आपल्या देशाबाहेरचा असला तरी तो समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यातून आपल्या योजनांतली उणीव नेमकी कोणती हे दिसते.

ऑस्ट्रेलियाची नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, म्हणजे एनडीआयएस, २०१३ च्या कायद्याने सुरू झाली. तिच्यात सर्वांना सारखे मासिक पेन्शन देण्याची पद्धत नाही. प्रत्येक व्यक्तीला काय जमत नाही आणि त्यासाठी कोणती मदत लागेल हे पाहून तिच्यासाठी स्वतंत्र आराखडा आणि निधी ठरवला जातो. एखाद्याला आठवड्यातून काही तास मदतनीस, दुसऱ्याला वाचा-उपचार, तिसऱ्याला चाकाची खुर्ची आणि घरातल्या न्हाणीघराची दुरुस्ती. सात लाखांहून अधिक लोक आज त्या योजनेत आहेत. खर्च झपाट्याने वाढू लागल्यावर तिथल्या सरकारने फेरआढावा घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात २६ शिफारशी होत्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ पासून सुधारित कायदा लागू झाला. निधीतून काय घेता येईल आणि काय नाही याची यादी त्याचबरोबर निश्चित झाली. खर्चाची वार्षिक वाढ ८ टक्क्यांपर्यंत आणण्याचे उद्दिष्ट तिथे २०२३ मध्ये ठेवले गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘थ्रायव्हिंग किड्स’ हा वेगळा कार्यक्रम जाहीर झाला, ज्यात सौम्य व मध्यम गरजेच्या, विकासात मागे असलेल्या किंवा स्वमग्न असलेल्या लहान मुलांना मुख्य योजनेऐवजी मदत देण्याचा विचार आहे. तिथल्या पालकांना त्याची काळजी वाटते, ती स्वाभाविक आहे.

आपल्या नातीच्या बाबतीत मात्र यापेक्षा आधीचा अडथळा आहे. एनडीआयएसमध्ये प्रवेशासाठी तिथले नागरिकत्व, कायम वास्तव्याचा परवाना किंवा एक विशिष्ट संरक्षित व्हिसा लागतो. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाला तो मिळत नाही. त्यामुळे कपातीची चिंता करण्याआधी मुलाने कायम वास्तव्याच्या अर्जाची स्थिती पाहावी.

नात भारतीय नागरिक असेल आणि इथे आली, तर स्वमग्नता हा एकवीस प्रकारांपैकी एक असल्याने तिला यूडीआयडी मिळू शकते. राष्ट्रीय न्यास ही स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता अशा व्यक्तींसाठीची केंद्राची संस्था आहे, तिच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि उपचार-थेरपीचा खर्चही त्यात बसतो. सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क तिला आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात.

तरीही मी आपल्याला पूर्ण चित्र सांगितले पाहिजे. आपल्याकडे मोजणी होते ती कमतरतेची, आणि आकडा हाती आल्यावर रक्कम मात्र ठरलेलीच मिळते. घरात मदतीला दुसरे कोणी आहे का, थेरपीला नेण्यासाठी आईला नोकरी सोडावी लागते का, वाडीपासून केंद्र किती दूर आहे, हे प्रश्न आपल्या अर्जात कुठेच नाहीत. ऑस्ट्रेलियाची योजना महाग आहे, तिथे गैरव्यवहारही उघड झाले आहेत, आणि तिची नक्कल आपल्याला परवडणारही नाही. पण ‘तुम्हाला नेमकी कोणती मदत लागते?’ हा एक प्रश्न अर्जात घालायला मोठा निधी लागत नाही, आणि तो घातल्याशिवाय केवळ कार्डाचे रंग बदलून फारसे काही साधणार नाही. नातीला परत आणण्याचा निर्णय घेताना आठवड्याला किती तास थेरपी आज मिळते आणि संभाजीनगरात ती कुठे, किती खर्चात मिळेल, याची तुलना आधी करून पाहा.

प्रश्न : ग्रामपंचायतीने दिव्यांगांवर पाच टक्के खर्च करायचा असतो म्हणतात. आमच्या गावात कोणाला काहीच मिळालेले नाही. (भूम)

उत्तर : स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, हे खरे आहे. लहान गावात घरपट्टी-पाणीपट्टीची वसुलीच थोडी असते, त्यामुळे रक्कमही थोडी निघते, आणि ‘एवढ्यात काय होणार’ म्हणून ती बाजूला ठेवलीच जात नाही. गावातल्या सर्व दिव्यांगांची नोंदवही आहे का, गेल्या तीन वर्षांत किती वसुली झाली आणि या निधीतून किती खर्च झाला, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि ते इतिवृत्तात लिहिले गेल्याची खात्री सही करण्यापूर्वी करून घ्या. नंतर गटविकास अधिकाऱ्यांकडे त्या इतिवृत्ताची प्रत जोडून अर्ज करता येतो.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आहे. निळे कार्ड आहे. बँकेत खाते उघडायला गेले तर ‘तो सज्ञान झाला, आता आई म्हणून तुमची सही चालणार नाही’ असे सांगितले. त्याचे वडील नाहीत. एक मोठी मुलगी आहे, लग्न होऊन लातूरला असते. माझ्यामागे याचे कसे होईल, या विचाराने झोप लागत नाही. (अंबाजोगाई)

उत्तर : बँकेने सांगितलेली गोष्ट कायद्याला धरून आहे, पण तिच्यावर कायद्यातच उपाय आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि तिच्यात एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. आपला अर्ज बीडच्या समितीकडे जाईल. मुलाचे प्रमाणपत्र, जन्माचा पुरावा, आपले नाते दाखवणारी कागदपत्रे आणि छायाचित्रे तयार ठेवा. पालकत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर बँकेतले खाते आणि अनुदानाची रक्कम यांचे व्यवहार आपल्याला त्याच्या वतीने करता येतील. पालक झालेल्या व्यक्तीला मुलाच्या मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो, तेव्हा खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. निरामय विमाही याच न्यासाचा आहे. त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, ते चुकवू नका.

आपल्यामागे काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका योजनेत नाही, आणि तसे आश्वासन मी आपल्याला देणार नाही. परंतु आज करण्यासारखे बरेच आहे. मोठ्या मुलीशी आणि जावयांशी मोकळेपणी बोला, आणि तिची तयारी असेल तर आपल्यानंतर पालक म्हणून तिचे नाव सुचवणारे पत्र तिच्या सहीसह समितीच्या अर्जाला जोडा, म्हणजे पुढे तिला अर्ज करताना आपली इच्छा कागदावर असेल. त्याचबरोबर एक साधी शंभर पानी वही घ्या. त्यात तो कोणत्या वेळी कोणती गोळी घेतो, भाकरी कुस्करून लागते की अख्खी, पोट दुखू लागले तर तो ते कसे दाखवतो, कोणत्या आवाजाने बिथरतो, कोणत्या गाण्याने शांत होतो, अनोळखी माणसाने त्याचा हात कुठे धरावा आणि कुठे धरू नये, हे सगळे लिहून काढा. एकोणीस वर्षे ही माहिती केवळ आपल्याजवळ आहे. येत्या सुटीत मुलगी माहेरी आली की चार दिवस तिला ती वही पाहून त्याचे सगळे करू द्या आणि आपण शेजारी बसून, जिथे तिला अडेल तिथे वहीत आणखी एक ओळ लिहा.